साक्षीदाराची सही

"आशाताई, डोकं नका चालवू. फक्त सही करा."

सगळ्या पाड्यासमोर तो साहेब बोलला. मी सही केली.

आमचा पाडा अक्कलकुव्याच्या वर, डोंगरात. मी तिथली आशा सेविका, दहावी पास. हत्तीरोगाच्या गोळ्या मीच खाऊ घालते. गोळी समोर गिळायची, मग बोटाला शाई. लोकांना हे पाठ झालंय.

त्या दिवशी अंगणवाडीत गाडी घेऊन आले ते सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या नव्या औषधाचे लोक. औषधाचं वाटप आहे असं सांगून मी बोलावलं म्हणून माणसं आली. पहिली माझी नणंद. रक्त घेतलं, कागद ठेवला, शाईचा पॅड उघडला. शाई दिसली तशी तिनं आपणहून बोट पुढे केलं. मागच्यांनीही केलं. अख्खी रांग बोटं धरून उभी. गाडीतले हसले. "बघा, किती तयार आहेत," म्हणत साहेबानं एकेकाचा अंगठा धरून कागदावर दाबला. वाचून कुणी दाखवलं नाही. यात काय लिहिलंय, एवढंच मी विचारलं. तेव्हा साहेब ते डोकं न चालवायचं बोलला.

नवी गोळी सुरू होऊन दीड महिन्यानं नणंदेची हाडं ठणकायला लागली. नव्या गोळीनं की आजारानं, कोण सांगणार. आरोग्य केंद्रात नेऊन आणलं. घरी आल्यावर म्हणाली, "वहिनी, ही नवी गोळी सोडू का?" मग स्वतःच म्हणाली, "नको. अंगठा दिलाय. सरकार धरून नेईल."

तिचा कागद पत्र्याच्या पेटीत होता. उंबऱ्यावर बसून वाचला. चौदा पानं. 'चाचणी' पानोपानी, 'वाटप' कुठेच नाही. दोन गट. एकाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. कुणाला कोणती, डॉक्टरलाही माहीत नाही. सहभाग ऐच्छिक. कारण न सांगता कधीही बाहेर पडता येईल, नेहमीचे उपचार चालूच राहतील. आणि शेवटी, 'हे सर्व सहभागीला तिच्या भाषेत माझ्यासमोर समजावले.' खाली साक्षीदार. माझी सही. चांगली वळणदार.

रडले वगैरे नाही. दोन दिवस भाकरीला चव लागली नाही, एवढंच. साहेबानं मला अडाणी समजलं याचं मला इतके दिवस वाईट वाटत होतं. नणंदेला अडाणी मीच ठेवलं होतं. त्याची लाज अजून जात नाही.

पुढच्या खेपेला पुन्हा गाडी. नव्या माणसांचे कागद. पेन माझ्यापुढे.

"नाही करणार," मी म्हणाले. "मागच्या सह्याही खोट्या आहेत. तसं लिहून देते."

"ताई, तुमचं काम जाईल."

"जाऊ द्या."

मग वळून आमच्या भिलोरी बोलीत सगळ्यांना सांगितलं. कुणी धरून नेत नाही. नको असेल त्यानं सोडावं. नणंद म्हणाली, सोडते. साहेब घड्याळ बघायला लागला.

आता कागद आला की पहिल्या ओळीपासून मी वाचून सांगणार. आमच्या बोलीत, शेवटच्या म्हातारीला कळेपर्यंत. दिवस गेला तर जाईल. तोवर गाडी थांबेल.