उंटाचा डूख

रविवारी सकाळी इन्साफ कांद्याची सालं पातेल्यात दाबून बसवत होती. दुसऱ्या दिवशी शम्म-अन्-नसीम. वसंताच्या या सणाला घरोघर अंडी रंगतात. रंगाच्या पुड्या बाजारात मिळायला लागून किती वर्षं झाली, पण इन्साफची अंडी सालांतच उकडायची आणि भाजलेल्या विटेच्या रंगाची निघायची. "पुडीचा रंग बोटाला लागतो, माझा नाही लागत," हे ती दरवर्षी एकदा तरी ऐकवायची. तिचा नवरा शौकी गॅलरीत बसून खारवलेल्या बोय माशांचं पुडकं तिसऱ्यांदा कागदात गुंडाळत होता. वास शेजारी जाऊ नये म्हणून. वास केव्हाच जाऊन परत आला होता.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. तीनदा, हलकी.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अलेक्झांड्रियातल्या करमूझ वस्तीच्या त्या गल्लीत दार कुणी वाजवत नसे. माणसं खालून हाका मारत, नाहीतर दार ढकलून सरळ आत येत. वाजवणारा म्हणजे एक तर वीजबिलवाला, नाहीतर गरजवंत. आणि सणाच्या तोंडावर वीजबिलवाला येत नाही.

दारात दौलत उभी होती. शौकीची धाकटी बहीण. ह्याच घरात वाढलेली, ह्याच दाराला लाथ मारून आत येणारी. गेली सात वर्षं ती फक्त ईदेला यायची, तीही चार नातेवाइकांच्या आडोशानं. आज एकटी होती.

"कशी आहेस, उम्म नश्वा?" तिनं लेकीच्या नावानं, नश्वाची आई म्हणून हाक मारली.

"होते तशी. बस."

दौलत बसली आणि एका दमात बोलून गेली. तिच्या मुलाला, वजदीला एक स्थळ आलं होतं. मुलगी चांगली, घर चांगलं. पण मुलीची आई फार चौकस. आधी घरी नको, बाहेर कुठेतरी सगळ्यांनी भेटू म्हणाली. म्हणून उद्या सणाच्या निमित्तानं वाळवंटाच्या रस्त्यावरच्या प्राण्यांच्या बागेत जायचं ठरलं होतं. पाळणे आहेत, सिंह आहेत, पोरंही रमतील.

"थोरल्या भावाशिवाय बोलणी कशी होणार? आणि उम्म नश्वा, तू तर हवीसच. झालं ते झालं आता."

"काय झालं?"

"तेच. जे झालं ते."

"आणि ते कुणी केलं?"

दौलतनं ओढणी सारखी केली. "चहा नाही का करणार?"

इन्साफनं चहा केला. दोन चमचे साखर घातली, तिला आवडते तशी. ती गेल्यावर शौकी म्हणाला, "सांडणे, जाऊ आपण. माझी बहीण आहे गं."

सांडणी, म्हणजे उंटीण, हे तिचं माहेरपासूनचं नाव. त्या मुलखात डूख सापाचा नसतो, उंटाचा असतो. उंटाला मारलंत तर तो त्या दिवशी काही करत नाही, तिसऱ्या वर्षी करतो, असं म्हणतात. इन्साफ तशीच होती. मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलं, एकाही पोरीवर आवाज चढवला नाही. पण कुणी काय केलं ते तिच्या मनात टीप घातल्यासारखं राहायचं. कोपऱ्यावरच्या पाववाल्यानं एकदा रांगेत सगळ्यांसमोर तिला करपलेली भाकरी दिली होती. तेव्हापासून ती दोन गल्ल्या ओलांडून भाकरी आणायची. पाववाला वारला तेव्हा ती मयतीला गेली, त्याच्या बायकोला धरून खरोखर रडली आणि येताना दोन गल्ल्या ओलांडून भाकरी घेऊन आली.

दौलतचं प्रकरण मात्र भाकरीचं नव्हतं.

सात वर्षांपूर्वी इन्साफच्या मुलीचं, नश्वाचं लग्न ठरलं होतं. चार दिवस राहिले असताना मुलाची मावशी आली आणि चहा फुंकता फुंकता म्हणाली, "मुलीला फिट येतात असं कळलं." नश्वा तीन वर्षांची असताना तापात तिला एकदा झटका आला होता. एकदाच. हे जगात तिघांना ठाऊक होतं: इन्साफला, शौकीला आणि दौलतला. कारण त्या दिवशी पोरीला छातीशी धरून तीन जिने अनवाणी उतरली होती ती दौलतच. लग्न मोडलं. दौलतनं वजदीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की मी नाही बोलले. इन्साफनं ऐकून घेतलं. त्या शपथेनंच तिची खात्री पटली.

पुढे नश्वाला बरा नवरा मिळाला, इलेक्ट्रिशियन. मुलगी झाली, लुजैन. नश्वा तर हसून म्हणायची, "आई, तो पहिला परवा बाजारात दिसला. आत्याला मिठाई द्यायला हवी." पण इन्साफचा हिशेब मुलीच्या सुखदुःखाचा नव्हताच. माझ्या घरातलं, तू आपल्या हातांनी वाचवलेलं, तूच बाहेर नेऊन टाकलंस, एवढाच तो होता.

आणि आज दौलत स्वतःच्या पायांनी चालत आली होती.

इन्साफपाशीही एक गोष्ट होती. वजदी झोपेत चालायचा. एकोणीस वर्षांचा असताना रमजानच्या एका दुपारी तो रोजा धरून झोपला, झोपेतच गच्चीवर गेला आणि कबुतरांच्या खुराड्याची शिडी चढून वरच्या पायरीवर उभा राहिला. इन्साफ कपडे वाळत घालत होती. तिनं हाक मारली नाही. हळूच वर चढून त्याचा हात धरला आणि "चल बाळा, चल" करत त्याला खाली आणलं. दौलतनं तिच्या हाताचं चुंबन घेऊन सांगितलं होतं, कुणाला बोलू नकोस. ती बोलली नव्हती.

दिवसभर कांदे चिरता चिरता ती एक वाक्य घोटत होती. जास्तीचे शब्द गाळले, जास्तीचा तिखटपणा गाळला. शेवटी ते असं झालं: ‘मुलगा सोन्यासारखा आहे हो, फक्त गच्चीच्या दाराला कुलूप लावत जा.’ बस. यात निंदा नाही, खोटं नाही. काळजीच आहे उलट. तिनं ते मनात दोनतीनदा म्हणून पाहिलं आणि त्या रात्री तिला सात वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली.

सोमवारी बागेत निम्मं अलेक्झांड्रिया लोटलं होतं. फाटकापाशी सिमेंटचा हत्ती, त्याच्या सोंडेतून घसरणारी पोरं, कासवाच्या पाठीवर बसायचे पाळणे, आणि सगळीकडे माशांचा वास. बसमधून सिंह पाहायला गेले तर सगळे सिंह पाय वर करून झोपलेले.

"यांनाही सुट्टी आहे," शौकी म्हणाला.

"सरकारी नोकरीत असणार," मुलीची आई म्हणाली आणि सगळी बस हसली.

मुलीची आई म्हणजे नेमात, वयाचा मान म्हणून हाज्जा नेमात. दमनहूरची, ठेंगणी, बोलताना समोरच्याचा गुडघा दाबायची सवय. इन्साफला ती पाहताक्षणी आवडली, आणि ते तिला अजिबात सोयीचं वाटलं नाही. माकडानं गजातून हात घालून लुजैनचं अंडं पळवलं तेव्हा लुजैननं भोकाड पसरलं. वजदीनं स्वतःचं अंडं सोलून तिच्या हातात दिलं आणि होणाऱ्या नवरीकडे चोरून पाहिलं. दौलत मोतिया रंगाच्या नव्या कोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती, सगळ्यांना खायचा आग्रह करत होती आणि इन्साफ कुणाशेजारी बसते आहे ते पाहत होती.

नश्वानं आईला बाजूला ओढलं. "तुझा चेहरा ओळखते मी. माझ्या नावावर काही करायचं नाही हं."

"तुझ्या नावावर नाही करत."

"मग?"

"माझ्या."

लुजैनला उंटावर बसायचं होतं म्हणून इन्साफ तिला घेऊन उंटांच्या वाड्याकडे गेली. तिथे गर्दी होती, पण स्वारी बंद. वाड्यात एकच मोठा उंट होता, तोंडाला फेस, मान ताठ. कुंपणाशी एक म्हातारा बदू, वाळवंटातला उंटवाला, उभा होता.

"का हो हाज, आज सुट्टी?"

"डूख धरलाय त्यानं. आमच्या एका माणसानं हिवाळ्यात पाइपानं मारलं होतं. तेव्हा गप्प राहिला. आता गेला आठवडाभर कुणाला जवळ येऊ देत नाही. त्या माणसाला तर मारूनच टाकील."

"मग आता?"

"फेडायचं. बघा."

त्यानं पिशवीतून एक निळा सदरा काढला. मळका, काखेत घामाचे डाग. "त्याच माणसाचा. धुतलेला चालत नाही, अंगाचा वास लागतो." त्यानं तो आत भिरकावला.

उंट मान खाली करून हुंगत राहिला. मग जे ओरडला त्यानं लुजैन आजीच्या मागे लपली. गुडघे टेकून छातीचा सगळा भार त्यानं सदऱ्यावर टाकला, दाबला, रगडला, दातांत धरून फाडला, पुन्हा रगडला. इन्साफच्या मुठी आपोआप वळल्या होत्या. बऱ्याच वेळानं उंट उठला, दोन पावलं बाजूला झाला आणि रवंथ करू लागला. म्हाताऱ्यानं शीळ घातली. एक तरुण माणूस, रंग उडालेला, कुंपणाच्या आतून हळूहळू चालत गेला. उंटानं त्याच्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

"झालं," म्हातारा म्हणाला. "घ्या, आणा पोरीला."

इन्साफला राग आला. जणू तिच्याच कुणाला फसवलं होतं. "एवढं मोठं जनावर. त्याला कळत नाही का, आत माणूस नव्हता?"

"कळतही असेल, हाज्जा. आम्ही कधी विचारलं नाही."

लुजैन दोन फेऱ्या मारून आली. दोघी जेवणाच्या चटईवर परतल्या तेव्हा हाज्जा नेमात एकटीच बसली होती. बाकीचे पोपटांचा खेळ पाहायला गेले होते. तिनं इन्साफला हात धरून बसवलं, कांद्याची पात पुढे केली आणि गुडघा दाबला.

"बाई, तुमच्याशी स्पष्ट बोलते. मुलाच्या आईला विचारलं तर ती चंद्रच म्हणणार. तुम्ही घरातल्या, पण त्याच्या आई नव्हे. तुम्ही सांगाल ते मी धरून चालेन. वजदी कसा आहे?"

वाक्य तयारच होतं. जिभेच्या टोकावर, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. इन्साफनं वर पाहिलं. पोपटांच्या मंडपाच्या खांबापाशी दौलत उभी होती. खेळाकडे तिची पाठ होती. हातातला सरबताचा पेला कलला होता, पण तिचं लक्ष नव्हतं.

"मुलगा," इन्साफ म्हणाली आणि थांबली. "दोन मिनिटं हं, हाज्जा. नणंदेशी एक शब्द बोलून येते, मग सांगते."

ती शांतपणे चालत खांबापाशी गेली.

"काय विचारलं तिनं?" दौलतचा आवाज फाटला होता.

"वजदी कसा आहे."

"आणि तू?"

"अजून काही नाही."

दौलतनं तिचा दंड धरला. "उम्म नश्वा, तुझ्या पाया पडते. इथे, सगळ्यांसमोर पडते. मीच बोलले होते. त्या मावशीनं खोदून खोदून विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं. नश्वाची माफी मागते, आत्ता बोलाव तिला. शपथ घेऊ? म्हणशील त्याची घेते. सांग, काय हवंय तुला?"

सात वर्षं इन्साफनं मनातल्या मनात हेच मागितलं होतं. कधी गल्लीच्या मधोमध, कधी ईदेच्या दिवशी, कधी दौलतच्या मुलाच्या पुढे व्हायच्या लग्नात. जागा बदलायची, शब्द हेच असायचे. आणि आज ते आले तर तिच्या हाताला काहीच लागलं नाही. खरे होते, तरी काय उपयोग? मुलाच्या डोक्यावर हात ठेवून तिनं तेव्हा खोटी शपथ घेतली होती, आता त्याच मुलासाठी खरं बोलत होती. उद्या गरज पडली तर परत फिरवेल. शब्द तिच्याकडे भरपूर होते. फुकटचे होते.

"पाया पडू नकोस. लोक बघतात," इन्साफ म्हणाली. "नश्वाला बोलवू नकोस. ती बिचारी केव्हाच मोकळी झाली. मला तुझं बोलणं नको."

"मग काय देऊ?"

मंडपात पोपटानं काहीतरी केलं असावं, टाळ्या पडल्या. चटईवरून हाज्जा नेमात इकडेच पाहत होती. इन्साफनं दौलतकडे नीट पाहिलं, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत. पहाटेपासूनच्या धावपळीनं, भीतीनं आणि आत्ताच्या घामानं तिचा कोट काखेपाशी काळवंडला होता.

"हा कोट दे," ती म्हणाली. "आत्ता, अंगातला काढून. धुऊन नको."