मंगरूची बेलगाम बिजली

वरातीत घोडी नाचते असं लोक म्हणतात, ते साफ खोटं आहे. आधी तेवढं सांगून टाकते, मग मंगरूबद्दल लिहिते. घोडीच्या तोंडात जिभेवरून आडवी लोखंडी कडी असते आणि तिच्या दोन्ही टोकांना लगामाचे पट्टे. घोडीवाला खालून पट्टा झटकतो, कडी टाळूला लागते, घोडी मान वर फेकते आणि पाय आपटते. पुढे बँड चालू असतो. झाला नाच!

हे मला मंगरूनेच सांगितलं. वैनगंगेकाठी वडशाला मी मुलींच्या शाळेत शिकवत होते तेव्हा तो माझ्या घरामागे राहायचा. साल चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी. उंच, किडकिडीत माणूस. बोलायचा तुमच्याशी आणि बघायचा घोडीकडे. बापाने एक घोडी मागे ठेवली होती, तिची ही लेक बिजली. नाव बिजली आणि स्वभाव असा की अंगावर कावळा बसला तरी हलणार नाही. लग्नसराईत वराती, एरवी भाताच्या गिरणीत पोती उचलायची, असा त्याचा संसार. बायको बायनाबाई रोवणीला, म्हणजे भातलावणीला, जायची. मूलबाळ नव्हतं. "हेच आमची पोरगी," बायनाबाई म्हणायची, "पन हिचं लगन कराचं नाई, दुसऱ्याच्याच लगनात नाचवाचं."

त्या उन्हाळ्यात एका वरातीत कडीने बिजलीची जीभ चिरली. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, जखम भरेपर्यंत तोंडात लोखंड नको. मंगरूने सुताची दोरी वळली आणि बैलाला घालतात तशी म्होरकी केली: नाकाच्या हाडावरून एक वेढा, कानांमागून एक. तोंडात काहीच नाही. तशी तिला वैनगंगेवर पाण्याला नेली. जाताना चालत गेला, येताना तिच्यावर बसून आला आणि थेट माझ्या दारात थांबला.

"बाई, दोरी वढाच लागली नाई. मांडी दाबली का वळते, 'ओ माय' म्हनलं का थांबते. हिले कानानं समजते, त मी जिभेले काऊन तरास देऊन राह्यलो इतकी वर्सं?"

माझा ऐकीव गोष्टीवर विश्वास बसत नाही, म्हणून मी स्वतः बसले. हो, साडीत. दोन्ही हातांनी दोरी अशी आवळली की बोटं पांढरी पडली. "बाई, सैल सोडा," मंगरू सांगत होता आणि मला सोडवत नव्हती. "शाळेत पोरीइले बी अशाच धरून ठेवता का जी?" बायनाबाईने विचारलं. अख्खा बोळ हसला. रागाने मी दोरी सोडली, तर घोडी शहाण्यासारखी चालू लागली.

पावसाळ्यापर्यंत जीभ भरली. मंगरूने कडी पोत्यात गुंडाळून आढ्याला टांगली. "आता हिच्या तोंडात लोखंड जानार नाई," तो म्हणाला. मोठ्याने नाही म्हणाला. पण तो कुठलीच गोष्ट मोठ्याने म्हणत नसे.

तुळशीचं लग्न झालं, सराई सुरू झाली. पहिल्या वरातीत बिजली नुसत्या म्होरकीवर अशी चालली की फटाके फुटले तरी कान हलला नाही. नवरदेवाच्या आईने समाधानाने तिला गूळ चारला. पोरं मात्र खवळली. "घोडी हाये का गाय?" "मंगऱ्या, दूध काढ बे!" तिसऱ्या वरातीपर्यंत गावाने नाव ठेवलं, मंगरूची गाय. लोक ब्रह्मपुरीहून घोडी आणायला लागले.

मग गिरणीच्या मालकाने त्याला बोलावलं. माघात त्यांच्या मुलाचं लग्न होतं. मंगरूची झोपडी आणि घोडीचं छप्पर, दोन्ही गिरणीच्या जागेवर. मालक म्हणाले, "घोडी तुझीच येईल. पण नाचली पाहिजे. बेलगाम घोडी माझ्या दारात चालायची नाही. जमत नसेल तर जागा मोकळी कर, आणि गिरणीतही येऊ नकोस."

मी मालकांकडे गेले. मला गप्प बसता येत नाही.

"बाई, तुम्ही शाळेत छडी ठेवता ना?" त्यांनी हसत विचारलं.

"ठेवते. मुलींच्या तोंडात घालत नाही."

मालक खदखदून हसले. मुनीमजींना बोलावून त्यांनाही ऐकवलं. चहा मागवला, बिस्किटं मागवली. दाद माझ्या बोलण्याला मिळाली, मंगरूच्या पदरात काही पडलं नाही.

घरी आले ती तणतणतच. "विकून टाक घोडी!" मी त्याला म्हटलं.

"घेनारा काय करन, बाई? कडीच घालन."

"मग सोड हे गाव. बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात जा."

"घोडीसंग घेतेत का थे?"

माझं डोकं फिरायचं. प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तराने एकेक दार लागत होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी तो स्वतःहून आला. पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात थोडी धग होती. "एक रस्ता हाये, बाई. उन्हाऱ्यापासून तिनं लोखंड पायलं नाई. उद्या दाखवलं का चावन, लाथा झाडन. मंग मालकाले सांगतो, घोडी बिघडली, मानूस मारन. मालक आपल्या पोराले तिच्यावर बसवन का? अन् मी नाई म्हनलंच नाई, त जागा काऊन काढन?"

मला पटलं. खरंच पटलं. बायनाबाई म्हणाली, "चावली त मी गावभर साखर वाटन."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं छपराखाली उभे होतो. मंगरूने पोतं खाली काढलं. कडी गंजली होती. बिजली भडकावी म्हणून मुद्दामच घासली नव्हती. दोन्ही हातांत धरून त्याने ती बिजलीच्या नाकापुढे नेली आणि चावा चुकवायला एक पाय मागे घेतला.

बिजलीने कडी हुंगली. मान खाली घातली, त्याला सोपं जावं इतकी खाली. आणि तोंड उघडलं.

मंगरू तसाच उभा. "चाव ना वो," बायनाबाई हळूच म्हणाली, मग पदर तोंडावर घेऊन आत गेली. घोडी वाट बघत राहिली. शेवटी मंगरू खाली बसला आणि चुलीतली राख घेऊन कडी घासायला लागला. घासत राहिला, चकचकीत होईपर्यंत.

वरात दणक्यात झाली. बिजली अशी नाचली की ब्रह्मपुरीचे घोडीवालेही तोंडात बोटं घालून बघत होते. मालकांनी मंगरूच्या पाठीवर थाप मारली. पुढची सगळी सराई त्याला उसंत नव्हती.

त्या वरातीच्या दुसऱ्या सकाळी मी फुलं तोडायला मागे गेले. मंगरू नदीवर न्यायला म्हणून सुताची म्होरकी घेऊन तिच्यापुढे उभा होता. बिजलीच्या ओठाच्या कोपऱ्यात रक्त सुकलं होतं. तिने मान खाली घातली होती आणि तोंड उघडलं होतं.

"मिट माय," तो म्हणत होता. "दोरी हाये वो, दोरी. मिट."