गेजबाईंनी शोधलेला चोर

माझ्या शेजारच्या बाईंना अख्खा कारखाना गेजबाई म्हणायचा. बोल्टच्या कारखान्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली. गेज म्हणजे पोलादी कडी. बोल्ट तिच्यातून सरळ फिरत गेला तर माल चांगला, अडला तर परत. मी तिथेच पत्र्याचं काम करायचो, म्हणून हे ऐकीव नाही. एकदा फोरमन म्हणाला, "बाई, केसाएवढा फरक आहे. एवढं चालतं हो." बाई म्हणाल्या, "चालतं तर गेज कशाला ठेवलाय?" पेटारा परत गेला. फोरमन आठवडाभर बाईंशी बोलला नाही. त्या आठवड्यात बाईंचं काम रोज लवकर उरकलं.

त्यांचा दुसरा हट्ट असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आटे बिघडले की आमचे फिटर हत्यारही बदलायचे, तेलही बदलायचे, मशीनचा वेगही कमी करायचे. माल सुधारायचा, पण कशाने सुधारला ते देवालाही कळायचं नाही. बाई त्यांना परत पाठवायच्या. "एक बदला. मोजा. मग दुसरं." लोक कंटाळायचे. पण त्यांच्या टेबलावरून गेलेला माल कधी परत आला नाही.

आता आम्ही दोघंही निवृत्त. बाईंचा मुलगा जहाजावर असतो, सहा-सहा महिने येत नाही. घरात बाई आणि सून. सूनबाई कॉम्प्युटरवर पंपाच्या भागांची ड्रॉइंग काढते. तीन आठवड्यांपूर्वी कंपनीने तिला घरून काम करायची मुभा दिली, तीही एक महिना बघू म्हणून. पहिल्या दोन मीटिंगमध्ये नेट तुटलं. साहेबाने स्पष्ट सांगितलं, गुरुवारी दुपारी सगळ्यांसमोर मोठं ड्रॉइंग दाखवायचं आहे, त्यात तुटलं तर सोमवारपासून मुख्य ऑफिसात येऊन बसा. मुख्य ऑफिस बसने नऊ तासांवर. म्हणजे सून तिकडे आणि बाई इथे एकट्या.

बाई उठल्या. कपाटातून चौकटींची वही काढली आणि पेन्सिलीला टोक केलं.

सोमवारी नेटवाला आला. वायफायचं यंत्र पुढच्या खोलीत दाराजवळ, चपलांच्या कपाटावर. त्याने यंत्राचं बटण बंद केलं, चालू केलं आणि म्हणाला, "मावशी, शंभर स्पीडचा प्लॅन जुना झाला. तीनशेचा घ्या, नेट पळेल."

"आत्ता शंभर येतायत का?"

"येत असणार ना."

"असणार नको. दाखवा."

त्याने तोंड वाकडं करून सूनबाईच्या कॉम्प्युटरला थेट वायर जोडली. आकडा आला चौऱ्याण्णव.

"म्हणजे दारापर्यंत माल नीट येतोय," बाई म्हणाल्या. "मग तीनशे आणून काय करू? रोग रेड्याला आणि औषध पखालीला!"

"मावशी, मला अजून अकरा तक्रारी आहेत."

"मग जा बाबा. बारावी तक्रार आमची नको."

मंगळवारी बाईंनी घराचा नकाशा काढला. प्रत्येक ठिकाणी नेटचा वेग तीन वेळा मोजायचा आणि तिन्ही आकडे लिहायचे. सूनबाई कॉम्प्युटर हातात धरून खोल्याखोल्यांतून फिरत होती. मागच्या खोलीत, जिथे तिचं टेबल आहे, तिथे दोन. स्वयंपाकघरात पाच.

"आई, माझा कॉम्प्युटरच म्हातारा झाला असेल."

"त्याच्यावर आळ घेण्याआधी दुसरा बघ." नवऱ्याचा कॉम्प्युटर त्याच टेबलावर ठेवला. तोही दोन. "तुझा सुटला," बाई म्हणाल्या.

सूनबाई म्हणाली, "मग भिंती जाड आहेत."

"भिंती नसतील तिथे मोज."

तिने थेट यंत्रासमोर, हातभर अंतरावर मोजलं. वायर न लावता. बारा.

बाईंनी चष्मा काढून पुसला. वायरीने चौऱ्याण्णव आणि हातभर हवेतून बारा. मध्ये भिंत नाही, खांब नाही. चोर यंत्राजवळच बसला होता.

मी तेव्हा दारात उभा होतो. बाई वळून म्हणाल्या, "मिस्त्री, तुमची पेटी."

इथे मला माझं सांगणं भाग आहे. तीन महिन्यांपूर्वी घराला रंग दिला, तेव्हा त्या यंत्रात धूळ जाईल म्हणून बाईंनी मला पेटी करायला सांगितली होती. कारखान्यात मशीन उघडं ठेवलं तर आम्हाला शिव्या बसायच्या, ती सवय हाडात मुरलेली. मी चांगल्या जाड पत्र्याची पेटी केली. बिजागरीचं झाकण, हवेसाठी बेचाळीस भोकं, प्रत्येक भोकाची धार कानशीने मारलेली. तेव्हा घरात फक्त मोबाइलवरचे निरोप यायचे-जायचे, त्यामुळे कुणाला काही जाणवलं नाही. नेटवाल्यानेही झाकण उघडताना "भारी बनवलीय" म्हणून पेटी वाजवून बघितली होती.

"पेटीत दोष नाही," मी म्हणालो. "भोकं मोजून घ्या."

"पेटीला कोण नाव ठेवतंय? मीच सांगितली होती. यंत्र बाहेर काढा, मोजू."

यंत्र बाहेर काढून त्याच जागी ठेवलं. सूनबाईने तिथूनच मोजलं. शहाऐंशी. पुन्हा मोजलं. चौऱ्याऐंशी. तिसऱ्यांदा शहाऐंशी.

सूनबाई हसत सुटली. "काका, तुमची पेटी इतकी पक्की की धूळ आत जात नाही आणि वायफाय बाहेर येत नाही!"

मीही हसलो. काय करणार? काम चोख होतं, जागा चुकली होती.

सूनबाई उड्या मारत मागच्या खोलीत मोजायला गेली. तिथे चौदा. ड्रॉइंग दाखवायला वीस तरी हवेत.

"आई, आता यंत्र वर ठेवू, फ्रिज सरकवू, टेबलही फिरवू. एकदमच करून टाकू ना, परवा गुरुवार आहे!"

"एकेक."

"अहो, वेळ कुठे आहे?"

"म्हणूनच एकेक. सगळं एकदम हलवलंस आणि गुरुवारी बिघडलं, तर हात कुठे घालशील?"

यंत्र डोक्याएवढ्या उंचीवर धरलं. मागच्या खोलीत एकोणीस. वहीत लिहिलं. मग बाईंनी नकाशावर पट्टी ठेवून यंत्रापासून टेबलापर्यंत सरळ रेघ मारली. रेघ बरोबर फ्रिजमधून गेली. आणखी एक पत्र्याची पेटी, फक्त ही मी केलेली नव्हती. फ्रिज हलवायला दुसरीकडे प्लग नव्हता. मग यंत्रच हलवायचं ठरलं, घरातल्या बोळात, मागच्या खोलीच्या दाराकडे.

बुधवारी सकाळी ते काम मी मागून घेतलं. बावीस फूट वायर, दारांच्या चौकटींवरून. दर वितीला क्लिप. कोपऱ्यात वायर मोडायची नाही, गोल वळवायची. घाईने ठोकलं तर क्लिप वायर चिरडते. अडीच तास लागले. शिडी बाईंनी धरली होती आणि दोन क्लिपा वाकड्या म्हणून मला परत काढायला लावल्या. त्या खरंच वाकड्या होत्या.

मागच्या खोलीत आकडा आला एक्कावन्न. बाईंनी दुपारी मोजलं, संध्याकाळी शेजारपाजारची माणसं घरी आल्यावर मोजलं. सत्तेचाळीसच्या खाली गेलं नाही.

गुरुवारी दोन वाजता मीटिंग सुरू झाली. आम्ही दोघं बोळात स्टुलांवर. बाईंच्या हातात घड्याळ. आतून सूनबाईचा आवाज येत होता. पाती, शाफ्ट, झाकण. वीस मिनिटं. चाळीस. ड्रॉइंग एवढं मोठं की मागच्या वेळी अर्ध्यावरच गोठलं होतं. या वेळी ती ते गरगर फिरवून दाखवत होती. एक तास दहा मिनिटांनी साहेबाचा आवाज आला.

"आज नवीन कनेक्शन घेतलंत का?"

"नाही सर, जुनंच आहे. सासूबाईंनी दुरुस्त केलं."

"त्या यातल्या आहेत?"

"बोल्ट तपासायच्या."

 साहेब हसला. "मग इकडे येऊन काय करणार? तिथूनच चालू द्या. महिनाभराचं बघणं संपलं असं समजा."

सूनबाई दार उघडून बाहेर आली. बाईंनी विचारलं, "तुटलं?"

"नाही."

"अडखळलं?"

"एकदाही नाही, आई."

मग तिने तिथेच उभ्याने फोन लावला. त्या दूरच्या शहरात तिने होस्टेलमध्ये एक खोली बघून ठेवली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. ती म्हणाली, "मॅडम, सोमवारची खोली दुसऱ्या कुणाला द्या. मी येत नाही."

"जरा मोठ्याने सांग," बाई म्हणाल्या. "मिस्त्रींना नीट ऐकू आलं नाही."

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी मान हलवली, आणि सूनबाईने ते पुन्हा, मोठ्याने सांगितलं.