बादलीतलं माहेरपण

परंड्यात आमच्या काचेच्या टाकीत सिक्लिड जातीच्या माशांची जोडी होती. नर मादीला टाकीभर पळवून तिची शेपूट कुरतडायचा.

बायको म्हणाली, "तिला माहेरपणाला धाडा की."

मादीला आठ दिवस बादलीत ठेवून मी भरपूर खाऊ घातलं. परत सोडली, तर एव्हाना सगळी टाकी आपलीच समजणाऱ्या नरानं तिला अर्धमेली केली. सोडवायला गेलो, तर माझ्या बोटालाही चावला.

मग मी, पन्नाशीतल्या माणसानं, माशावर सूड उगवला. नरालाच बादलीत टाकलं, त्याची हद्द मोडायला टाकीतले दगड हलवले, त्याचं लपायचं मडकं मादीला दिलं. आठवड्यानं तो परतला, तेव्हा तिनं त्याला कोपऱ्यात दाबला. मी टाळ्याच वाजवल्या.

बायको म्हणाली, "बादली धुऊन ठिवा. लागंल अजून कुणाला तरी."