केशरी तंगूस

माझे सासरे तंगूस घ्यायला आले की दुकानदार आधी पंखा लावायचा आणि मग स्टूल पुढे सरकवायचा. तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा. त्यात एवढं पाहायचं ते काय, असं मी एकदा म्हणालो आणि पस्तावलो. मामांनी (आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात) एकेका रिळाचा दोरा सोडवून दाराच्या उजेडात धरला. निळा, पोपटी, बिनरंगी. "मासा काय दोरा बगत नाय, जावयबापू. आपला समुद्र गढूळ, त्याला काय दिसणार? बगायचं असतं आपल्याला. दोरा ढिला पडला, बाजूला सरकला, ते ज्याला दिसलं त्याचा मासा." तरी गळाजवळ दोन हात बिनरंगी दोरा ते जोडायचेच. विचारलं तर म्हणायचे, "असू दे. एकादा हुशार निघाला तर?"

मामा मूळ किन्हवलीचे, भातशेतीवाले. घरातल्या कुणी कधी खारं पाणी पायाला लावलं नव्हतं. वाशिंदच्या कारखान्यात लागले तेव्हा वसईकडच्या एका जोडीदाराने त्यांना कळंबच्या किनाऱ्यावर नेलं आणि मामा बिघडले ते बिघडलेच. सासूबाई होत्या तोवर कुरकुरायच्या, "घराखालून भातसा वाहते, तिच्यात नाय का मासे?" मामांचं उत्तर ठरलेलं. "नदीचा पलीकडचा काठ दिसतो गो. त्यात मजा नाय."

तापट म्हणजे किती तापट! जिन्यात कुणी हात पुढे केला तरी खेकसायचे. "मी काय म्हातारा झालो काय?" लग्नानंतर मलाही त्यांनी एक काठी आणि निळा तंगूस घेऊन दिला. शिकवायला नव्हे, मागे मागे फिरून माझ्या चुका काढायला.

मग डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. थेंब टाकायचे, पण गेलेली नजर परत येणार नाही. मामा घरात "जरा धूसर हाय" एवढंच म्हणाले. दुकानात मात्र मला सगळं कळत होतं. एके काळी बिनरंगी दोराही ज्याला लांबून दिसायचा तो हा माणूस आधी निळ्यावर आला, मग पोपटीवर, आणि शेवटी रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या जाकिटासारख्या भडक केशरीवर. दर वेळी कारण नवं. "ढगाळ हवेत पोपटी फिका पडतो ओ." दुकानदार माझ्याकडे पाहायचा आणि मी रस्त्याकडे.

सुनीता त्यांची एकुलती एक मुलगी. तिने एका शनिवारी मला बजावलं, "उद्या शेवटचं. यापुढे पाण्यात जायचं नाही, हे त्यांना तुम्ही सांगायचं. माझं ते ऐकणार नाहीत." माझं तरी त्यांनी कधी ऐकलं होतं? चिंचोटीपर्यंत गाडी चालवताना मी वाक्य जुळवत होतो. तोंडातून निघालं ते इतकंच, "मामा, चहा घ्यायचा?"

कळंबला भरती लागली होती. मामा नेहमीप्रमाणे पाण्यातल्या वाळूच्या दांड्यावर जाऊन उभे राहिले. दांडा आणि किनारा यांच्या मध्ये एक चर आहे. जाताना तिथे पोटरीभर पाणी होतं. ऊन उतरलं, मी काठावर पिशवी आवरत होतो, आणि पाहतो तो चर भरत चाललेला.

"मामा, चला! मागून पाणी येतंय!"

"थांबा ओ! दोरा हलतोय!"

मी दोरा पाहिला. केशरी तंगूस काठीच्या टोकापासून सरळ खाली लोंबत होता आणि त्यांच्या पायाशी फेसात त्याचा गुंता झाला होता. कधीचाच तुटला होता. आणि मामा डोळे बारीक करून समोरच्या मोकळ्या पाण्याकडे पाहत होते.

"मामा, दोरा दिसतोय तुम्हाला?"

"दिसतोय तर! सरळ हाय!"

मी चपला टाकून पाण्यात शिरलो. चरात पाणी कमरेच्या वर आलं होतं, तळाची वाळू पायाखालून निसटत होती. वर चढून मी त्यांचं मनगट धरलं. "सोडा, मासा जाईल!" ते ओरडले. मी म्हणालो, "मामा, दोरा तुटलाय." त्यांनी काठीवरून हात फिरवत दोरा ओढला. रिकामं टोक हातात आलं. ते चाचपत राहिले.

"माझा पट्टा धरा," मी म्हणालो. आणि त्यांनी धरला, दोन्ही हातांनी. काठी तिथेच राहिली. चराच्या मध्यावर लाट आली, त्यांचे पाय उचलले गेले, पट्ट्यावरची पकड सुटली. देवा रे! हाताला लागली ती सदऱ्याची कॉलर. तीच मुठीत धरून मी त्यांना अक्षरशः ओढत काठावर आणलं.

कोरड्या वाळूवर आम्ही दोघे धापा टाकत बसलो. ते म्हणाले, "मी दिसतोय म्हणालो, तेव्हा तुटलेलाच होता?"

"हो."

"भ्यालो ओ. पाण्याला नाय." त्यांनी डोळे चोळले. "दिसत होता मला. खरंच दिसत होता."

मला रडू आलं. पण सांगायचं होतं ते सांगून टाकलं. "मामा, आता पाण्यात जायचं नाही. सुनीताने सांगितलंय, आणि मीही सांगतोय."

मी शिव्यांची वाट पाहत होतो. मामांनी मान हलवली. वाळूवर माझी काठी पडली होती, तिच्याकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "तुमचा निळाच ना? दिसतो तुमाला?"

"दिसतो."

"मग टाका हितूनच." मी गळ टाकला. त्यांनी हात पुढे करून माझ्याकडून काठी घेतली, दोऱ्याखाली बोट सरकवलं आणि डोळे मिटून घेतले.

"तुमी बगा," ते म्हणाले. "मी धरतो."