व्हिलन सरांच्या चार ओळी

आमच्या गावच्या हायस्कुलातले इंग्रजीचे सर नाकानं हसायचे. तोंड बंद, भुवया जागच्या जागी, आणि नाकातून एक छोटा फुत्कार. फुस्. तेवढ्यात समोरच्या माणसाचा निकाल लागायचा. गाइड विकायला आलेला एजंट, पंधरा ऑगस्टला भाषण ठोकणारे पाहुणे, ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ असा फलक लावणारा वाशिमचा क्लासवाला, सगळ्यांच्या वाट्याला तोच एक फुत्कार यायचा. पोरं त्यांना मागं व्हिलन सर म्हणायची. तुमच्याही शाळेत असा एखादा असेल, ज्याच्या सावलीलाही पोरं पाय लावत नसतील.

मी कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही कुठून आली मध्येच. मानोऱ्याच्या पुढं आमचा तांडा आहे. पावसाळाभर मी दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायचे, आणि दिवाळी झाली की नवऱ्यासोबत ट्रकात बसून ऊसतोडीला. गावात असले की सरांच्या भाकरी माझ्याकडं. सर एकटेच. बायको होती की नव्हती, त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. संध्याकाळी तीन भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून न्यायचा, आणि फडकं परत हवं म्हणून त्यांचं खाणं होईतो उंबऱ्याशी टेकायचं. बाकीचे मास्तर त्यांच्या खोलीकडं फिरकत नसत. त्यांना ऐकायला माणूस लागायचं, मला फडकं लागायचं. आमची ओळख अशी वाढली.

गोड बोलणं त्यांच्या पोटातच नव्हतं. एकदा भाकर उजेडाकडं धरून म्हणाले, “बाई, ही भाकर नाही, हा जिल्ह्याचा नकाशा आहे. हा मंगरूळपीर, हा रिसोड.”

मी म्हटलं, “मंग खाऊ नका, भितीले लावा. पोराईले शिकवाले होईन.”

फुस्. पण खाल्ली सगळी. रिसोडही ठेवलं नाही.

आता व्हिलनची गोष्ट. एक दिवस कोणीतरी फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘व्हिलन’ लिहून ठेवलं. माझी मनीषा तेव्हा नववीत होती. ती सांगायची, वर्गाचा श्वास बंद. सरांनी फळा पाहिला, छडीला हात लावला नाही, खडू घेतला आणि त्या शब्दाखाली रेघ मारली. मग पूर्ण तास त्या एका शब्दावर बोलले. पोरगी घरी येऊन मला म्हणाली, “याडी, सर आज मारलेच नाई. काहीतरी बिघडलं त्यायचं.” म्हणून मी संध्याकाळी भाकरी नेल्या तेव्हा विचारलं, तर तोच तास माझ्यासाठी पुन्हा झाला.

सर म्हणाले, फार जुन्या काळी रोमकडं मोठ्या जमीनदाराच्या मळ्याला, मळ्यावरच्या घराला ‘व्हिला’ म्हणायचे. त्या मळ्यावर जो राबायचा त्याला त्या मळ्यावरूनच नाव पडलं, आणि ते नाव फिरत फिरत, फ्रान्सातून, इंग्रजीत आलं. व्हिलन म्हणजे आधी शेतावरचा गडी. बस, एवढंच. त्याला मालकाची जमीन सोडून जायची सोय नव्हती. मग त्याच नावाचा अर्थ झाला हलक्या कुळातला. मग झाला अडाणी, ओंगळ. मग म्हणे लबाड, मग नीच. शेवटी नाटकवाल्यांनी उचलला आणि नायकाच्या छातीवर सुरा घेऊन बसवला. व्हिलेज म्हणजे खेडं, तो शब्दही त्याच मुळावर वाढलेला.

मी विचारलं, “पण त्यानं केलं काय होतं?”

“काही नाही. राबत होता.”

“मंग नाव काहून खराब झालं?”

सरांनी ठेच्याचं बोट चाटलं. “कारण जो राबत होता त्याला लिहिता येत नव्हतं, आणि ज्याला लिहिता येत होतं तो राबत नव्हता. शब्द तोंडात नासत नाही बाई, लिहिणाऱ्याच्या हातात नासतो.”

मला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. बसची पाटी ओळखायचे, पोरीचं नाव ओळखायचे, कारण ते प्रगतिपुस्तकावर असायचं. बाकी सगळं मुंग्यांची रांग. त्यामुळं सरांचं बोलणं मी ऐकलं आणि फडकं झटकून घरी गेले. असल्या गोष्टीनं कोणाचं निंदण होते का, असंही मनात आलं. खोटं कशाला सांगू.

सरांचा सगळ्यात मोठा फुत्कार राखून ठेवलेला होता तो हेडसरांसाठी. हेडसर म्हणजे जोडलेले हात, खिशाला तीन पेनं आणि बोलणं असं गोड की त्याला मुंग्या लागाव्यात. संस्थेच्या माणसाची गाडी फाटकात दिसली की हे पायरीवर उभे. सर म्हणायचे, “हा माणूस नाही, शिक्का आहे. कोणीही दाबावा, उमटतो.” दोघांचं वैर एका बारीक गोष्टीवरून. रजेच्या अर्जाखाली ‘आपला आज्ञाधारक’ लिहायची रीत, आणि सर ते लिहायचे नाहीत. नुसतं नाव. हेडसर अर्ज परत पाठवायचे, सर तोच अर्ज तसाच पुन्हा पाठवायचे. म्हणायचे, “आज्ञा धारण करायला मी काय खुंटी आहे?” दोन शिकलेली माणसं आयुष्यभर अशी भांडली. आम्ही बांधावरून भांडतो तर आम्हाला अडाणी म्हणतात.

आणि मग मनीषाचं दहावीचं वर्ष आलं. तिला तांड्यावर माझ्या सासूजवळ ठेवून आम्ही जायचो. त्या दिवाळीत सासू वारली. वयात आलेली पोरगी एकटी कोणाच्या भरवशावर ठेवू? सोबत नेली. महिना-दीड महिन्यानं परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख ऐकली, तशी मुकादमाच्या हातापाया पडून पोरीला घेऊन परत आले. शाळेत गेले तर हेडसरांनी हजेरीतून नाव काढलेलं. कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय ते मी विचारलं, कारण मला वाचता येत नव्हतं. त्यांनी हात जोडून, गोड आवाजात वाचून दाखवलं. ‘पालक बेजबाबदार.’

“हजेरी कमी आहे हो बाई. फॉर्म जात नाही. पुढच्या वर्षी बघू.”

पुढच्या वर्षी. आमच्या तांड्यावर पोरीचं पुढचं वर्ष म्हणजे लग्न, आणि लग्न म्हणजे तिच्या हातात तिचा स्वतःचा कोयता. ते मलाही ठाऊक होतं आणि त्या साखरेच्या पोत्यालाही ठाऊक होतं.

मी तशीच सरांच्या खोलीवर गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या दिवशी नाकानं हसले नाहीत. म्हणाले, “बसा. उद्याची तारीख आहे ना? वर्गशिक्षक मी आहे. आत्ता अर्ज लिहितो.” आणि लिहायला बसले. लिहिता लिहिता त्यांचा चेहरा फुलत गेला, लग्नातल्या आचाऱ्याचा फुलतो तसा. तीन पानं भरली. मग मला मोठ्यानं वाचून दाखवली. पहिल्या पानावर रोम. दुसऱ्या पानावर फ्रान्स आणि इंग्लंड, ते मळे, ते गडी, ते जमीनदार. तिसऱ्या पानावर आमचे हेडसर, की यांनी एका लेखणीच्या फटकाऱ्यात ते काम केलं ज्याला इंग्रजांना काही शतकं लागली. राबायला गेलेल्याला बेजबाबदार लिहिलं. शेवटी बिनआज्ञाधारक सही.

त्यांनी कागद खाली ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. वाहवा पाहिजे होती.

मी म्हटलं, “सर, याच्यात माह्या पोरीचं नाव कुठी हाये?”

त्यांनी पानं उलटली. पहिलं, दुसरं, तिसरं. पुन्हा पहिलं. नव्हतं. तीन पानांत रोमच्या जमीनदाराचं घर होतं, माझी पोरगी नव्हती. काय मागायचंय तेसुद्धा लिहिलेलं नव्हतं.

“वर एका ओळीत टाकतो,” म्हणाले. समासात बारीक अक्षरात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरताच अर्ज दिला. दुपारी तो चपराशाच्या हातून परत आला, लाल पेनानं आडवी रेघ मारलेला.

मग मी बोलले. सगळी शाळा ऐकेल असं बोलले. “तुमचं नाक वर राहावं म्हणून लेहलं तुमी हे. माही पोरगी कायले पाहिजे होती त्याच्यात? तुमी त्या हेडसरले हलकट म्हणता, तो तुमाले म्हणते, अन् मधात माह्या पोरीच्या हातात कोयता येते. ठेवा तुमचा शब्द चुलीत. भाकर भाजून निघन त्याच्यावर.”

आजवर त्यांच्याशी असं कोणी बोललं नसेल. सर शिक्षकांच्या खोलीत गेले, कोरा कागद घेतला, चपला घातल्या आणि हेडसरांच्या खोलीत गेले. दार लागलं. मी आणि मनीषा लिंबाखाली उभ्या. फार वेळ नाही लागला. बाहेर आले ते नेहमीच्याच चालीनं.

“झालं. फॉर्म जातो आहे.”

“काय म्हणाले ते?”

“काय म्हणतील? मूर्ख माणूस. सही केली.” आणि फुस्.

मी तांडाभर सांगत सुटले की व्हिलन सरांनी हेडसरचं पाणी पाणी केलं. कितीतरी वर्षं सांगितलं. पोरं त्यात आणखी मीठ-मसाला घालून सांगायची. मनीषा पास झाली, पुढं शिकली, आता अकोल्याला दवाखान्यात नर्स आहे. सर त्याच उन्हाळ्यात रिटायर झाले. शाळेनं निरोप समारंभात शाल दिली, ती त्यांनी परत निघताना खुर्चीवरच ठेवली. एसटीत बसताना मी शिदोरी दिली. फडकं सोडून पाहिलं आणि म्हणाले, “अजून गोल नाही.” तेवढाच आमचा निरोप.

पुढं माझे गुडघे गेले, ऊसतोड सुटली. शाळेत खिचडी शिजवायला मदतनीस म्हणून लागले. टेबल-खुर्च्या पुसणं चपराशाचं काम, पण त्यानं ते माझ्यावर ढकललं. हेडसरांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली देवाचा फोटो, एक कॅलेंडर, आणि मधोमध, आल्यागेल्याला दिसेल असा, एक कागद. देखणं अक्षर. त्यात एक नाव माझ्या ओळखीचं. मनीषा.

मला वाटलं पोरीचं कौतुक लिहून ठेवलंय. म्हणून वाचायची हौस आली. रोज पुसताना एक-दोन अक्षरं डोक्यात धरून आणायची, संध्याकाळी फोनवर मनीषाला विचारायची, “वाटोळं काढून शेपटी खाली, हे काय?” ती सांगायची. कशाला पाहिजे ते मी सांगितलं नाही. असा माझा वर्ग चालला, काचेच्या शाळेत, हातात ओलं फडकं. पहिली ओळ लागायला पावसाळा गेला.

‘कु. मनीषा, इयत्ता दहावी, हिचा परीक्षेचा फॉर्म कृपया पाठवावा.’

दुसऱ्या ओळीच्या मध्यावर होते तेव्हा मनीषाचा फोन आला. सर गेले, पुतण्याकडं, झोपेत. शाळेच्या जुन्या पोरांच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली म्हणे. जी पोरं त्यांच्या सायकलची हवा सोडायची तीही हात जोडून उभी. हेडसरांनी सगळ्यात लांब लिहिलं. ‘आमच्यात मतभेद होते, मनभेद नव्हते.’ मनीषानं मला वाचून दाखवलं आणि माझ्या नाकातून आपोआप फुस् झालं.

मग मी उरलेल्या ओळी घाईनं सोडवल्या.

‘माझ्या आधीच्या अर्जातील भाषेबद्दल मी लाजेने क्षमा मागतो.’

‘यात मुलीचा दोष नाही, तिच्या आईवडिलांचाही नाही.’

आणि खाली, सहीच्या वर, ते दोन शब्द जे त्यांनी उभ्या नोकरीत लिहिले नव्हते. ‘आपला आज्ञाधारक.’

त्या शिक्क्यानं, म्हणजे हेडसरांनी, तो कागद इतकी वर्षं काचेखाली दाबून ठेवला होता, पाहुण्यांना चहासोबत दाखवायला. आणि मी तो रोज पुसून लख्ख करत होते.

मागच्या वर्षी हेडसर रिटायर झाले. नवे आले, तरणे, गडबडीचे. म्हणाले काचेखालचं जुनं काढा. चपराशानं काच उचलली तर दमटपणानं कागद काचेला चिकटलेला. ओढला तसा फाटला, आणि शाई काचेलाच राहिली. नवे सर म्हणाले, “मावशी, तेवढी काच पुसून घ्या.”

काच उलटी केली तर अक्षरंही उलटी दिसली. म्हणून आधी सरळ धरली, कुठली ओळ कुठं आहे ते पाहून घेतलं. मग उलटी करून खालून सुरुवात केली. आधी ‘आपला आज्ञाधारक’. फडक्याच्या एका फेऱ्यात गेलं. मग दोषाची ओळ, मग क्षमा, मग लाज. वरची पोरीच्या नावाची ओळ राहिली तेव्हा काच पुन्हा सरळ केली आणि मोठ्यानं वाचली.

चपराशी बघतच राहिला. “मावशी, तुले वाचता येते?”

“येते,” मी म्हटलं, आणि फडकं पिळून घेतलं.