धुक्यातला वाघ

शालिकच्या चित्रावर वाघ मी काढवला. नाटक मंडळीने नाही. त्याला जाऊन महिना होत आला, आणि त्याच्याबद्दल काहीही लिहायला बसलो की हेच वाक्य पुढे येऊन उभे राहते. म्हणून तेच आधी लिहिले.

शालिक माझा लहानपणापासूनचा मित्र. तिरोड्याजवळच्या आमच्या गावात तो चित्रकला शिकवी. स्वतः रंग वापरी ते तीनच, पांढरी माती, नीळ आणि गेरू. तेवढ्यात तो थंडीतल्या पहाटेचा बोदलकशाचा तलाव काढायचा. अलीकडचा बांध जरा गडद, पलीकडची झाडी फिकी, त्यामागची टेकडी आहे की नाही अशी. ‘‘हिरवा काऊन नाई गा?’’ मी एकदा विचारले. ‘‘हिरवा लय बोलते,’’ तो म्हणाला, ‘‘धुक्यात कोणी बोलत नाई.’’ काहीही बघायचे तर डोळे अर्धे मिटून. त्याशिवाय उजेड-सावली कळत नाही म्हणे. मुलगी बघायला गेलो तिथेही तसाच बसला. मुलीचे वडील माझ्या कानाशी आले, ‘‘नवरदेवाले झोप येऊन राहिली, चहा सांगू काय?’’ लग्न झाले. पार्वतीवहिनी मात्र शेवटपर्यंत म्हणायच्या, ‘‘यायनं मले पुरतं पाह्यलंच नाई.’’

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली की दोन रात्री नाटक होई. स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या मंडईला अरण्याचा पडदा मी शालिककडे दिला. मंडळीचा चिटणीस मी, आणि नाटकातला राजाही मीच. त्याने अख्ख्या पडद्यावर धुके पसरले. पहिल्या रात्री मी त्यापुढे उभा राहून म्हणालो, ‘‘अहाहा, काय हे निबिड अरण्य!’’ मागून आवाज आला, ‘‘थांबा महाराज, सापडलं तं सांगतो.’’ दुसरा ओरडला, ‘‘गॅसबत्तीची काच पुसा गा!’’ लोक पोट धरून हसत होते. शालिक पुढच्या रांगेत डोळे अर्धे मिटून आपलाच पडदा बघत होता, अगदी सुखात...

दुसऱ्या दिवशी तो शाळेत असताना मी आमगावहून पाट्या रंगवणारा पेंटर आणला आणि पडद्यावर दोन पोपट, एक कमळ आणि पिवळाजर्द वाघ काढून घेतला. त्या रात्री वाघाला शिट्ट्या मिळाल्या. नाटक सुटल्यावर शालिक एवढेच म्हणाला, ‘‘पहाटे तिथं असा वाघ दिसत नाई.’’ मी घाईने सांगितले, ‘‘मंडळीनं ठरवलं गा, माझं कोणी ऐकलं नाई.’’

त्याने पुन्हा पडदा रंगवला नाही. माझ्याकडे येणे-जाणे, चहा, थट्टा, सगळे तसेच राहिले. फक्त मी त्याच्या घरी गेलो की तो चालू असलेले चित्र भिंतीकडे फिरवी. ‘‘ओलं हाय,’’ म्हणे. पूर्वी प्रत्येक चित्र आधी मला दाखवणाऱ्या या माणसाचे पुढे दहा वर्षांत एकही चित्र वाळले नाही, आणि मी ते खरे मानत राहिलो.

यंदा तो अंथरुणाला खिळला तेव्हा मला राहवले नाही. ‘‘शालिक, वाघाचं मंडळीनं नव्हतं ठरवलं...’’

‘‘माहीत हाय. ‘चिटणीसानं एकट्यानंच काढाले लावला, वाघ कसा जमला?’ म्हणून तो पेंटर दुसऱ्याच दिवशी मलेच विचारून गेला.’’

‘‘मग इतकी वर्षं बोलला काऊन नाई?’’

‘‘तू बोलशील म्हणून थांबून राहिलो. लय थांबवलं गा तू.’’

आतून वहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊजी, आता थांबता कायले? मागून टाका माफी.’’

मी उठून उभा राहिलो. राजाच्या कामातही कधी पाठांतर चुकलो नव्हतो, इथे दोनदा अडखळलो.

‘‘शालिक, लोक मला हसले म्हणून मी तुझं चित्र बिघडवलं, आणि वर तुझ्याशी खोटं बोललो. माफ कर.’’